पुडीतल्या गोळ्यांचे फोटो

लोकांच्या हाती कॅमेरा द्यायचा आणि त्यांच्या फोटोंवरून त्यांच्याशीच बोलायचं, या पद्धतीला फोटोव्हॉइस म्हणतात. कॅरोलिन वँग आणि मेरी अॅन बरिस यांनी ती १९९० च्या दशकात चीनमधल्या युनानच्या गावांत आकाराला आणली. नवी मुंबईतल्या तुर्भे आणि दिघ्यातले परप्रांतीय कामगार अँटिबायोटिक कशी घेतात हे समजून घ्यायला त्यांच्यासोबत ती वापरायला घेतली, तेव्हा आम्ही पहिल्यांदा अडलो ते शब्दावर. ‘अँटिबायोटिक’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि हाताला लागेल त्या गोळीचा फोटो काढून आणतो. वस्तीत चालतात ते शब्द ‘पावर की गोली’, ‘हेवी डोज’. म्हणून पहिल्या बैठकीत अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या रिकाम्या स्ट्रिप्स पसरून ठेवायच्या, मुद्दाम पॅरासिटॅमॉलचीही एक मिसळायची, आणि कोणती कधी घेता एवढंच विचारायचं. कोणती बरोबर, कोणती चूक हे शिकवायला गेलं की पुढचे सगळे फोटो मास्तरांना दाखवायच्या गृहपाठासारखे येतात.

संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी याच्याही आधी. संमती दोनदा घ्यायची: सहभागाची सुरुवातीला, आणि फोटो वापरण्याची, प्रत्येक फोटो समोर ठेवून, शेवटी. कागद हिंदीत हवा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा. चेहरे नकोत. दवाखाना, केमिस्ट यांची पाटीही नको. आमच्या एका सहभागीने काउंटरचाच फोटो काढला आणि दुकानदाराने त्याला मोबाईल उघडून तो डिलीट करायला लावला. चिठ्ठीशिवाय औषध देणारा दुकानदार कॅमेऱ्याला घाबरणारच, आणि उद्या ताप आला की त्या कामगाराला त्याच दुकानात जायचं असतं. सेफिक्झिमसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहेत; १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ती ३ वर्षं जपावी लागते.

दहा जण, दोन आठवडे, प्रत्येकी पंधरा-वीस फोटो हे प्रमाण जमलं. होळी, छठ आणि मे महिना टाळा, निम्मे लोक गावी असतात. फोन बहुधा स्वतःचाच, पण मेमरी भरलेली. डेटा पॅकचे पैसे आपण द्यायचे. फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की फाइल लहान होते आणि स्ट्रिपवरची बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायचे. मात्र तसं केल्यावर फोटोत दडलेलं लोकेशनही सोबत येतं. तेव्हा काढण्याआधीच कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून घ्यायचं.

एक फोटो नमुन्यादाखल. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तीन गोळ्या: एक पांढरी, एक गुलाबी, एक दोन रंगांची कॅप्सूल. शेजारी कात्रीने कापलेला स्ट्रिपचा कोपरा. बॅच आणि एक्स्पायरी छापलेली कड दुकानातच राहिली. रंगावरून औषध ओळखायचा मोह होतो. आम्ही ‘ओळख नाही’ अशीच नोंद केली. खरं हाती लागलं ते बोलण्यातून. दोन वेळची पुडी का? कारण खिशात तेवढेच पैसे होते, आणि ‘आराम पडला तर उरलेल्याचं काय करू?’

मुलाखतीला फोटो त्यालाच निवडू द्या, पाच-सहा पुरे. खोलीत सहा-आठ जण राहत असतील तर तिथे बसू नका; गुप्तरोगावर घेतलेली गोळी रूममेटसमोर कोणी सांगत नाही. मुलाखत सुट्टीच्या दिवशी, तासाभराच्या आत. शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये: कुठला फोटो काढायचा होता, पण काढता आला नाही? यावर रोजच्या कामासाठी नाक्यावर उभं राहणाऱ्या एका नाका कामगाराचं उत्तर होतं, सरकारी ओपीडीची रांग. ती सकाळची, आणि मजूर उचलणारा टेम्पोही सकाळचाच.