तुम्ही विचारलंत म्हणून: ४१३५१२ चे अवयव

“मोठी संख्या समोर आली की मूळ अवयव पाडायला सुरुवात कुठून करायची?” लातुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हे हमखास विचारतात. उत्तरासाठी लातूरचा पिनकोडच घेऊ या: ४१३५१२. पत्त्यावर ती नुसती खूण असते, पण संख्या म्हणून हाताळली तर फार गोड आहे.

आधी दोनाचा हिशेब संपवा. शेवटचे तीन अंक ५१२, म्हणजे २ चा नववा घात. इथं बरेच जण फसतात. अख्ख्या संख्येला ५१२ नं भाग जाईल असं धरून चालतात. पण १००० मध्ये दोन हा अवयव तीनदाच येतो, म्हणून शेवटचे तीन अंक आठपर्यंतचाच निकाल देतात. सोळासाठी शेवटचे चार बघा: ३५१२ ला १६ नं भागलं की बाकी ८. तेव्हा आठावर थांबायचं. भागाकार ५१६८९.

अंकांची बेरीज १६, म्हणून ३ बाद. शेवटी २ आहे, म्हणून ५ ही बाद.

आता माझी सगळ्यात आवडती कसोटी. दिलेल्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ४१३ आणि ५१२. आपले स्वल्पविराम ४,१३,५१२ असे पडतात. त्यांच्या मागे गेलात तर गणित तिथंच बिघडलं. गटांची वजाबाकी ९९. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार १००१ होतो, म्हणून तिघांचाही निकाल या ९९ वर लागतो: ११ नं भाग जातो, ७ आणि १३ नं जात नाही. आता त्याच गटांची बेरीज करा, ९२५. ९९९ = २७ × ३७, म्हणून ३७ ची परीक्षा या बेरजेवर घेता येते, आणि ३७ × २५ = ९२५! एक वजाबाकी, एक बेरीज, आणि दोन अवयव हातात.

५१६८९ ला ११ नं भागून ४६९९, त्याला ३७ नं भागून १२७. तेराचा वर्ग १६९, १२७ च्या पुढचा; म्हणून तपासणी ११ पर्यंतच. अकरा एकदा वापरला म्हणून सोडू नका, तोच अवयव पुन्हा येऊ शकतो. इथं बाकी ६ उरते. १२७ मूळच आहे.

४१३५१२ = २³ × ११ × ३७ × १२७

घातांकांत एकेक मिळवून गुणलं की विभाजक ३२. त्यांची बेरीज १५ × १२ × ३८ × १२८ = ८,७५,५२०, संख्येच्या दुपटीहून जास्त. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

सगळ्या संख्या इतक्या मोकळ्या मनाच्या नसतात. नांदेडचा ४३१६०१ घ्या. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ नं भाग जातो, ९ नं नाही, उरले १४३८६७. गटांची वजाबाकी १७०, बेरीज १०३२. दोन्हींतून नवं काही मिळत नाही. मग १७ पासून एकेक मूळ संख्या लावत जायचं, आणि ४७ ला यश येतं: ३०६१. पुष्कळ जण इथून पुढेही मूळच्या संख्येचं वर्गमूळ धरून ६५६ पर्यंत भागत बसतात. मर्यादा दर भागाकारानंतर नव्यानं काढायची असते. ३०६१ चं वर्गमूळ ५५ च्या थोडं पुढे, म्हणजे तपासायला उरले फक्त ४७ पुन्हा एकदा आणि ५३. बाक्या ६ आणि ४०. ३०६१ मूळ ठरला.