हिल टॉपची बाग : बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांच्या गावात

इंग्लंडच्या वायव्य भागातील लेक डिस्ट्रिक्टमध्ये लोक जातात ते बहुधा तळी पाहायला आणि डोंगर चढायला. मला तिथे जायचे होते ते एका बागेसाठी. इंग्रज लेखिका आणि चित्रकार बिअ‍ॅट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) यांचे नाव आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांतील निळा कोट घातलेल्या पीटर नावाच्या सशामुळे ठाऊक असते. परंतु मी स्वतः वनस्पतींची चित्रे काढते, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी ओढ थोड्या निराळ्या कारणाने आहे. आयुष्याची पहिली चाळीस वर्षे त्यांनी जे निरखून कागदावर उतरवले, तेच पुढे त्यांनी मातीत लावले, आणि मातीत लावलेले पुन्हा कागदावर आणले. हे कसे घडले असेल, ते निअर सॉरी या खेड्यातल्या त्यांच्या हिल टॉप नावाच्या शेतघरी प्रत्यक्ष उभे राहून पाहावे, असे फार दिवस मनात होते.

हिल टॉपच्या आधी मी अँबलसाइड गावात थांबले, ते आर्मिट संग्रहालयासाठी. पॉटर यांनी काढलेली भूछत्रांची शेकडो जलरंगचित्रे या छोट्या संस्थेकडे आहेत. छापील पुस्तकांतून यातली काही मी पाहिली होती, पण मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर छपाईत काय काय हरवते ते कळते. छत्रीखालचे पातळ पडदे एकेक करून मोजावेत इतके स्पष्ट आहेत, देठाच्या बुडाशी चिकटलेली माती आणि कुजके पानही रंगवलेले आहे, आणि शेजारी त्याच भूछत्राचा उभा छेद आहे. पाणी जवळजवळ काढून टाकलेल्या ब्रशने, बारीक बारीक फटकाऱ्यांनी रंगाचे थर चढवण्याची त्यांची पद्धत इथे फार जवळून न्याहाळता येते. शोभेसाठी काढलेली ही चित्रे नव्हेत. भूछत्रांचे बीजाणू त्यांनी घरी रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, आणि त्यावर लिहिलेला त्यांचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे मांडला गेला. स्त्रियांना त्या सभांना बसण्याची परवानगी नसल्यामुळे तो त्यांच्या वतीने लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातील जॉर्ज मॅसी यांनी सादर केला. निबंध छापून आला नाही. चित्रे मात्र टिकली, आणि १९६७ साली ब्रिटनमधील भूछत्रांवरील एका पुस्तकात त्यांतली ५९ चित्रे वापरली गेली. चित्रे काढल्यानंतर सत्तर वर्षांनी शास्त्रज्ञांना ती उपयोगी पडावीत, हे कोणत्याही चित्रकाराला अभिमान वाटावा असे आहे.

विज्ञानाची दारे बंद झाली म्हणून पॉटर मुलांच्या पुस्तकांकडे वळल्या, असे अनेकदा लिहिले जाते. मला ते पटत नाही, आणि त्याला तारखांचाच आधार आहे. स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथे मुक्कामी असताना ३ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांनी एका दुर्मीळ, खवलेदार भूछत्राचे चित्र काढले, आणि दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, चार सशांच्या पिल्लांची गोष्ट चित्रांसह पत्रातून लिहून पाठवली. तीच पुढे पीटर रॅबिटची गोष्ट झाली. भूछत्र आणि ससा हे एकाच आठवड्यातले, एकाच नजरेने केलेले काम होते. एक सोडून दुसरे धरलेले नव्हते.

ही नजर लंडनमध्येच घडली. बोल्टन गार्डन्समधील घरात बिअ‍ॅट्रिक्स आणि त्यांचा भाऊ बर्ट्रम यांनी ससे, बेडूक, वटवाघूळ, साळिंदरासारखा दिसणारा छोटा हेजहॉग असे प्राणी पाळले, ते रेखाटले, आणि मेलेल्या प्राण्यांचे सांगाडेही स्वच्छ करून त्यांचा अभ्यास केला. म्हणूनच त्यांच्या चित्रातील सशाने कोट घातला तरी त्या कोटाखालचा खांदा सशाचाच राहतो. १८९० साली शुभेच्छापत्रांसाठी काढलेल्या चित्रांचे त्यांना सहा पौंड मिळाले. पीटरचे पुस्तक प्रकाशक घेईनात, तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. मुलांच्या हातात मावेल असाच आकार हवा, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या वर्षी फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत चित्रांसह आवृत्ती काढली, आणि तिच्या ८००० प्रती प्रकाशनाआधीच संपल्या.

बोनेसहून विंडरमियर तळे ओलांडायला फेरीबोट आहे. ती तळ्यात टाकलेल्या जाड तारदोराच्या आधाराने या काठावरून त्या काठावर जाते, आणि दहा मिनिटांत आपण पलीकडे पोहोचतो. तिथून निअर सॉरी सुमारे तीन किलोमीटर चढावर आहे. मी पायी गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचून उभारलेले बांध आहेत. त्यांच्या फटींतून नेचे आणि शेवाळ वाढलेले असते, आणि ज्याने टॉम किटन या मांजराच्या पिल्लाची गोष्ट पाहिली आहे त्याला हे बांध ओळखीचे वाटतात. गावात मोजकी घरे, एक पथिकाश्रम आणि रस्त्यापासून जरा आत हिल टॉप. घरात एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, त्यामुळे वेळेचे तिकीट घ्यावे लागते. मला मिळालेल्या वेळेला बराच अवकाश होता, आणि तो सगळा मी बागेत घालवला.

फाटकापासून घराच्या दारापर्यंत पाटीच्या दगडाच्या फरशांची एक लांब, किंचित चढती पाऊलवाट आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना फुलझाडांचे दाट ताटवे. मी गेले तेव्हा फॉक्सग्लव्ह, गुलाब, फ्लॉक्स, लॅव्हेंडर फुललेले होते, आणि त्यांच्यामधूनच एखादे भाजीचे किंवा फळाचे झाड डोके वर काढत होते. आखीव कडा, एका रंगाचे पट्टे, मोजून ठेवलेले अंतर यांतले काहीही इथे नाही. झाडे एकमेकांच्या अंगावर रेललेली आहेत, वाटेवर झुकलेली आहेत, आणि तरीही उंचीचा क्रम असा साधला आहे की मागचे कोणतेही रोप पुढच्याने झाकलेले नाही. चित्राची मांडणी ज्याला येते त्यालाच हे जमते, असे मला तिथे उभे असताना ठामपणे वाटले.

दाराच्या समोरच्या बाजूला भिंतीआड भाजीचा वाफा आहे. त्यात ऱ्हुबार्ब आहे, म्हणजे मोठ्या पानांची आणि लालसर आंबट देठांची ती भाजी, जिच्या आडोशाला जेमायमा नावाची बदक आपली अंडी लपवू पाहते. त्या गोष्टीतली बदक, शेतकऱ्याची बायको आणि तिची मुले ही सगळी हिल टॉपचीच होती. या वाफ्यासमोर मी जेमायमाच्या पुस्तकातले १९०८ सालचे ते चित्र उघडून धरले, आणि पानांच्या कडांची वळणे, देठांचा रंग, जमिनीलगत पसरलेला तो भार, सगळे जसेच्या तसे समोर होते. त्याच पुस्तकातील फॉक्सग्लव्हही असेच आहेत : खालची फुले उमललेली आणि शेंड्याकडच्या कळ्या मिटलेल्या, कारण ते झाड खालून वर फुलत जाते. मुलांच्या गोष्टीत एवढा नेमकेपणा कोणी मागितला नव्हता.

बाग हातात येण्याआधीही पॉटर बागा रंगवतच होत्या. १९०३ च्या उन्हाळ्यात डर्वेंटवॉटर तळ्याकाठच्या फॉ पार्क येथील भाजीमळ्याचे कांदे, कुंड्या, भिंतीला टेकवून वाढवलेली फळझाडे यांचे अनेक अभ्यास त्यांनी केले, आणि ते बेंजामिन बनीच्या पुस्तकात उतरले. पण ती बाग दुसऱ्याची होती. १९०५ च्या जुलैमध्ये त्यांच्या पुस्तकांचे संपादक नॉर्मन वॉर्न यांनी त्यांना मागणी घातली, आईवडिलांचा विरोध असूनही त्यांनी होकार दिला, आणि २५ ऑगस्टला नॉर्मन यांचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्याच शरद ऋतूत पुस्तकांच्या मानधनातून आणि एका आत्मीयेकडून मिळालेल्या वारशातून त्यांनी हिल टॉप विकत घेतले. वय ३९. दुःखाच्या त्या हिवाळ्यात त्यांनी जमीन खणायला घेतली, एवढेच मी म्हणेन. त्याहून अधिक बोलण्याचा अधिकार मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी नॉर्मन यांची बहीण मिली हिला त्यांनी जी पत्रे लिहिली, त्यांत बागेशिवाय फारसे दुसरे काही नाही. कुणी काय रोप दिले, कुणाच्या कुंपणापलीकडून काय मिळाले, कुठल्या मुळ्या किती खोल लावल्या, याचा हिशेबच त्यांत आहे. गावातल्या बायका त्यांना उदारपणे रोपे देत. चोरलेले रोप हमखास जगते, असे एका शेजारणीने सांगितल्यावर, जाळण्यासाठी कचऱ्याच्या ढिगात टाकलेली ऑनेस्टी या फुलझाडाची रोपे आपण चोरून आणली, असेही त्या मिलीला कळवतात. हे वाचून मला आनंद झाला, कारण आपल्याकडेही मनी प्लांट मागून नव्हे तर न सांगता आणला तरच वाढतो असे पुण्यापासून नागपूरपर्यंत बायका सांगत आल्या आहेत. मुद्दा असा की ही बाग रोपवाटिकेतून एकदम मागवून केलेली नाही. ती घराघरांतून, दान आणि मागणी यांतून जमली, आणि त्यामुळेच लंडनहून आलेली एक अविवाहित, पैसेवाली बाई त्या खेड्याची झाली.

घराविषयी थोडक्यातच लिहिते. खोल्या लहान आणि अंधाऱ्या आहेत. चूल, भांड्यांचे कपाट, जिना, उंच घड्याळ, हे सारे १९०८ च्या उंदरांच्या गोष्टीत चितारलेले आहे, आणि ती गोष्ट सुचली तीही घरातल्या उंदरांच्या खऱ्याखुऱ्या उपद्रवातून. शेत सांभाळणाऱ्या कॅनन कुटुंबासाठी पॉटर यांनी १९०६ मध्ये घराला नवा भाग जोडला. १९०६ ते १९१३ या काळात त्यांची डझनभर छोटी पुस्तके निघाली, आणि त्यांतील टॉम किटन, जेमायमा आणि हे उंदीर या तिघांच्या गोष्टींना हिल टॉपचीच पार्श्वभूमी आहे. त्या चित्रांना मी नुसती पुस्तकांची चित्रे मानत नाही. बाग पुढे पुन्हा लावण्याची वेळ आली तेव्हा त्यांची चित्रे, पत्रे आणि त्यांच्या वडिलांनी काढलेली छायाचित्रे हाच आधार ठरला.

१५ ऑक्टोबर १९१३ रोजी त्यांनी हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस यांच्याशी विवाह केला आणि समोरच्या शेतापलीकडील कॅसल कॉटेजमध्ये संसार थाटला. हिल टॉप त्यांनी तसेच, कामासाठी आणि आपल्या वस्तूंसाठी राखले. यानंतर त्यांची पुस्तके विरळ होत गेली. डोळे थकले होते, हे एक कारण; परंतु चरित्रे वाचताना या उत्तरार्धाविषयी जो हळहळीचा सूर लागतो, तो मला मान्य नाही. त्या पाहण्याचे थांबल्या नव्हत्या. हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या, ज्यांची पिल्ले काळी जन्मतात आणि वाढताना करडी होत जातात, त्यांची पारख करण्यात त्यांनी असे नाव कमावले की १९४३ मध्ये हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेने त्यांना अध्यक्षपदासाठी निवडले. पद स्वीकारण्यापूर्वीच, २२ डिसेंबरला, त्या वारल्या. मेंढीची लोकर, पायांची ठेवण, खांद्याचा बांधा ओळखण्यासाठी तीच नजर लागते जी पूर्वी सशाच्या खांद्यासाठी लागली होती. १९२३ मध्ये त्यांनी ट्राउटबेक पार्क हे रोगट मेंढ्यांनी ग्रासलेले मोठे शेत विकत घेऊन सुधारले, १९३० मध्ये मंक कॉनिस्टनची विस्तीर्ण जमीन घेतली, आणि अखेरीस चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली. तिथल्या डोंगरी शेतांवर शुद्ध हर्डविक कळपच राहावेत, अशी त्यांची इच्छा होती. तळी, बांध आणि कुरणे यांचा आज दिसणारा हा मोकळा देखावा बंगल्यांच्या वस्त्यांनी भरून गेला नाही, यात त्यांचा वाटा मोठा आहे. पीटरच्या पुस्तकांचा पैसा असा जमिनीत परतला.

कुणाला जायचे असेल तर माझा आग्रह एवढाच की आधी अँबलसाइडला जाऊन भूछत्रे पाहा, मगच हिल टॉप गाठा. क्रम उलटा झाला तर बाग नुसतीच सुंदर वाटेल आणि तिच्यामागचा अभ्यास नजरेतून सुटेल. जून-जुलै हे महिने ताटव्यांसाठी चांगले. घराचे तिकीट दुपारचे घ्या, सकाळचा वेळ बागेला द्या, आणि टॉम किटन व जेमायमा ही दोन पुस्तके सोबत ठेवून फाटकाजवळ, भाजीच्या वाफ्यापाशी आणि बांधाशेजारी ती उघडून पाहा. चित्र काढणाऱ्यांनी वही आणि पेन्सिल न्यावी. मी ऱ्हुबार्बचे एक पान काढले, आणि त्याच्या कडेचे वळण नीट साधायला मला अख्खा तास लागला.