हिरो मेल्यावर उरलेला पिक्चर

टोकियोत राहतो म्हटलं की कोल्हापुरातनं ठरलेले प्रश्न येतात. बुलेट ट्रेनमध्ये बसलास काय, कच्चा मासा खातोस काय, आणि हल्ली नवीन म्हणजे ते इकिगाई काय भानगड आहे जरा सांग की. इकिगाई म्हणजे जगण्याचं कारण, पण आता इथल्या ऑफिसात जेवताना ह्या विषयावर कोणी बोललेलं मी ऐकलं नाही, त्याची पुस्तकं आपल्याकडच्या एअरपोर्टवरच जास्त दिसतात. पण जगायचं कशासाठी ह्या प्रश्नावर जपानी माणसानं नीट डोकं कुठं लावलंय असं विचाराल तर मी सांगेन, पिक्चरमध्ये.

इकेबुकुरो स्टेशनजवळ शिन-बुंगेइझा म्हणून थिएटर आहे. खाली पाचिंकोचा, म्हणजे जुगाराच्या मशिनींचा, धांगडधिंगा, लिफ्टनं वर गेलं की थिएटर, आणि तिथं जुने पिक्चर लावतात, पूर्वी तर पुष्कळदा एका तिकिटात दोन. इथं पिक्चर संपला तरी नावं पूर्ण वर जाईपर्यंत दिवे लागत नाहीत आणि सहसा कोण उठत पण नाही. शिट्टी नाही, पडद्यावर चिल्लर फेकणं नाही, पॉपकॉर्नसुद्धा चोरून खाल्ल्यासारखं खातात. कोल्हापुरात उमा, पद्मा, पार्वती टॉकीजला पिक्चर बघून वाढलेल्या माणसाला सुरुवातीला जरा गुदमरतंयच.

तर 'इकिरू'. अकिरा कुरोसावाचा, १९५२ सालचा, नावाचा अर्थ जगणं. पडद्यावर पहिल्यांदा काय दिसतं तर पोटाचा एक्स-रे. निवेदक सांगतो की हा आपल्या नायकाच्या पोटाचा फोटो, ह्याला कॅन्सर झालाय पण त्याला अजून पत्ता नाही, आणि तसं बघायला गेलं तर हा माणूस कधीचाच मेलाय. हा कांजी वातानाबे, नगरपालिकेत एका विभागाचा साहेब, तीसेक वर्षांत एक रजा नाही, काम काय तर कागदावर शिक्का मारायचा आणि कागद पुढं ढकलायचा. वस्तीतल्या बायका तक्रार घेऊन येतात की आमच्या दारात घाण पाण्याचं डबकं साचलंय, पोरं आजारी पडायला लागलीत, ते बुजवून तिथं पोरांना खेळायला बाग करा. त्यांना ह्या टेबलावरनं त्या टेबलावर, आरोग्यवाल्यांकडनं ड्रेनेजवाल्यांकडं, तिथनं आणखी कुणाकडं असं फिरवतात, आणि फिरून फिरून त्या परत पहिल्याच खिडकीवर. जपान वगैरे काही वाटतच नाही हो हे बघताना.

तो काम करणारा नट म्हणजे ताकाशी शिमुरा. पुढं दोनच वर्षांनी 'सेव्हन सामुराय'मधला म्हातारा सेनापती हाच, आणि त्याच साली 'गॉडझिला'मधला शास्त्रज्ञ पण हाच. इथं मात्र खांदे पडलेले, आवाज घशात अडकलेला, डोळे असे की बघवत नाहीत.

आजार कळल्यावर तो आधी दारू, नाच, रात्रीचं टोकियो सगळं करून बघतो, त्यात काय नाही. मग ऑफिसातल्या एका तरुण पोरीच्या मागं मागं फिरतो, तिला सारखं विचारतो की तू एवढी जिवंत कशी काय. ती तोवर नगरपालिकेची नोकरी सोडून खेळण्याच्या कारखान्यात लागलेली असते. कॉफीहाऊसमध्ये ती चावीचा ससा टेबलावर सोडते आणि म्हणते मी हे बनवते, बनवताना वाटतं जपानातल्या सगळ्या पोरांशी आपली ओळख आहे, तुम्ही पण काहीतरी बनवा की. म्हातारा म्हणतो आता उशीर झाला, माझ्या ऑफिसात काय बनणार. आणि मग एकदम त्याचा चेहरा बदलतो, ससा हातात घेतो आणि जिना उतरायला लागतो. वरच्या गॅलरीत कुठल्यातरी मुलीच्या वाढदिवसाचा घोळका जमलेला असतो, ती मुलगी त्याच वेळी जिना चढत येते आणि सगळे हॅपी बर्थडे म्हणायला लागतात, पण कॅमेऱ्यात खाली उतरणारा तो म्हातारा. इथं कुरोसावानं एक वाक्य समजावून सांगितलेलं नाही. आपल्याकडं असता तर मागनं व्हायोलिन आणि चार ओळींचा डायलॉग नक्की.

आता ह्या पिक्चरची गोष्ट जो तो सांगतो ती इथपर्यंतच सांगतो, आणि मग बर्फात झोपाळ्यावर बसून म्हातारा १९१५ सालचं जुनं गाणं म्हणतो तो सीन, की बघा, मरण समोर दिसलं आणि माणूस जगायला शिकला. सकाळी सकाळी फॉरवर्ड करायला उत्तम. पण माझं म्हणणं असं आहे की पिक्चरची खरी ताकद त्याच्या पुढं आहे, कारण म्हातारा कामाला लागतो तेवढ्यात कुरोसावा त्याला मारून टाकतो. पाच महिन्यांनी आपला नायक वारला, एवढंच निवेदकाचं वाक्य, आणि समोर त्याचा फोटो. शेवटचा पाऊण तास आणि वर थोडं, आपण त्याच्या मयतीनंतरच्या बैठकीत बसतो, ऑफिसातले लोक साके पित भांडतात की ती बाग नक्की कुणी केली, आणि म्हातारा दिसतो तो फक्त त्यांच्या आठवणींतनं, तुकड्या तुकड्यांत.

गेल्या दिवाळीला घरी आलो होतो तेव्हा पेठेतल्या तालमीच्या हॉलवर प्रोजेक्टर लावून हा पिक्चर दाखवला. सबटायटल इंग्रजी, म्हणून मी शेजारी उभं राहून कोल्हापुरीत सांगत होतो, "हा साहेब म्हणतोय तुमचं काम इथं न्हाई, वरच्या मजल्यावर जावा." टेबलांच्या त्या फेऱ्यांना तर हॉल नुसता हसून पडला, प्रत्येकाकडं आपापला किस्सा. पण बैठकीचा भाग सुरू झाला आणि उपमहापौर साहेब बागेचं श्रेय गोड आवाजात स्वतःकडं घ्यायला लागले तसा मागनं एक जण ओरडला, "बाकड्यावर नाव टाका साहेबांच्या फंडातनं म्हणून!" खरंच आहे, आपल्या कुठल्याही बागेत बाकड्याला पाठ टेकली की पाठीमागं कुणाचा तरी फंड असतोयच.

पिक्चर संपल्यावर चहा आला आणि तिथं जे भांडण झालं ते मला टोकियोत कधी ऐकायला मिळालं नसतं. आमचे एक काका, सरकारी नोकरीतनं रिटायर, म्हणाले ह्यात काय एवढं, गीतेत सांगितलंयच की, कर्म कर, फळाची अपेक्षा ठेवू नको. त्यावर आमचा एक दोस्त, ट्रान्सपोर्टचा धंदा आहे त्याचा, गीता उघडली असेल नसेल, तो म्हणाला, "काका, फळाची अपेक्षा न्हाई कसं? त्येला बाग पायजेच हुती की! बागेसाठी तो क्लार्कम्होरं वाकला, गुंडांच्या धमक्या ऐकल्या. त्येला बाग पायजे हुती, नाव नको हुतं." मी गप्पच बसलो. फळ पाहिजे पण नाव नको, ह्या दोन गोष्टी मी इतक्या वेळा बघून पण वेगळ्या केल्या नव्हत्या आणि ह्यानं चहाच्या घोटाबरोबर केल्या.

ह्या पिक्चरची मूळ प्रेरणा टॉलस्टॉयची 'इव्हान इलिच'ची गोष्ट, १८८६ ची. तिथं पण सरकारी अधिकारी, तिथं पण आजारपण आणि आयुष्य वाया गेल्याची जाणीव. पण इव्हान इलिचला जे काही उमगतं ते अंथरुणावर, अगदी शेवटच्या घटकांना, आतल्या आत. वातानाबेचं आत काय झालं ते आपल्याला धड कळतच नाही, आपल्याला दिसतं फक्त बुजवलेलं डबकं. तिकडं पॅरिसला तत्त्वज्ञ सार्त्र १९४५ साली भाषणात सांगत होता की माणूस म्हणजे त्याच्या कृतींची बेरीज, दुसरं काय नाही. बरोबर आहे, पण ती बेरीज मांडायला बसतात कोण? ऑफिसातले दारू प्यायलेले लोक. कुरोसावाचा चावटपणा इथं आहे. एकजण म्हणतो त्याला मरणार हे माहीत होतं म्हणून केलं, दुसरा म्हणतो इलेक्शन जवळ आलेलं म्हणून झालं, आणि वस्तीतल्या बायका मात्र येतात, उदबत्ती लावून रडतात, काय न बोलता जातात. त्या गेल्यावर बड्या साहेबांना तिथं बसवत नाही.

मग दारू चढल्यावर सगळे शपथा घेतात, उद्यापासनं आपण पण वातानाबेसारखं काम करायचं. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवीन साहेब, नवीन तक्रार, आणि उत्तर तेच, पलीकडच्या खिडकीवर जावा. एकच जण ताडकन उभा राहतो, बोलत काही नाही, हळूहळू खाली बसतो आणि कागदांच्या गठ्ठ्यांमागं दिसेनासा होतो.

हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला लागत नाही. मेलेल्याचं करायला आपलं गाव कधी मागं नाही, पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी दान करायला मंडळंच्या मंडळं पुढं येतात. पण रक्षाविसर्जनाला नदीवर उभं राहून माणसं काय बोलतात आठवा. काय घेऊन जाणार हाय माणूस, चांगलं वागावं बस्स. आणि तिथनं चहाच्या गाडीपर्यंत येईतोवर गुंठ्याचा भाव निघालेला असतो. स्मशानवैराग्य आपल्याकडं जुनंच, कुरोसावानं त्याला ऑफिस दिलं.

काकांनी मात्र जाताना मला बाजूला घेतलं. "तो खाली बसला ना रे, त्याला कोण वाईट म्हणू नका. त्याला पोटाचा आजार नव्हता, घरात पोरं असतील त्याच्या." काका स्वतःबद्दल बोलत होते का त्या क्लार्कबद्दल हे मी विचारलं नाही.

दुसरा पिक्चर जरा पळत सांगतो. हिरोकाझू कोरे-एदाचा, १९९८ चा, इथं 'वंडरफुल लाइफ' आणि बाहेर 'आफ्टर लाइफ'. माणसं मेल्यावर एका जुन्या, पोपडे आलेल्या शाळेसारख्या इमारतीत येतात, तिथला स्टाफ त्यांना सांगतो की तुमच्या आयुष्यातली एकच आठवण निवडा, आम्ही तिचा पिक्चर काढून देतो, तेवढीच घेऊन पुढं जायचं. आणि खरंच काढतात, विमान उडवलेल्या माणसासाठी कापसाचे ढग टांगून. मूकपटांच्या काळात पिक्चर काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावच्या माणसाला ह्यात तत्त्वज्ञानापेक्षा तो कापूसच आधी दिसतो, काय करणार. त्यात पण एक म्हातारा आहे, त्याला आपण जगलो ह्याचा पुरावा पाहिजे असतो, म्हणून त्याला आयुष्यातल्या प्रत्येक वर्षाची एक अशा व्हिडिओ टेपा बघायला देतात. त्याचं आडनाव पण वातानाबेच, तिकडं ते आपल्या पाटलांसारखं गल्लोगल्ली आहे म्हणा, आणि शेवटी तो निवडतो काय तर बागेतला बाक आणि शेजारी बायको.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, तू कुठली निवडशील. मला वाटलं लग्न म्हणेल, नाहीतर माझा जन्म, निदान अंबाबाईचं काहीतरी. ती कोथिंबीर निवडत होती, वर पण बघितलं नाही.

"एकच?"

"एकच."

"आणि बाकीच्या काय करत्यात? टाकून देत्यात?"

"हो, विसरायच्या."

"आणि एखाद्याला निवडायलाच जमलं न्हाई तर?"

मी सांगितलं की ज्यांना जमत नाही ते तिथंच राहतात, तो सगळा स्टाफ म्हणजे तसलीच माणसं.

"मग झालं की," आई म्हणाली, "मी तिथंच नोकरीला लागते. एवढी माणसं येत्यात म्हणतोस, चहापाण्याचं कोण बघतंय त्यांच्या?"