तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइल असताना चित्रं कशाला?

माझी चित्रांची रोजनिशी पाहणारं कुणीही पानं उलटता उलटता हा प्रश्न विचारतंच. "ताई, फोटो काढला की झालं ना? एवढा खटाटोप कशाला?" आजवर "आवड आहे" एवढंच म्हणत आले. ते उत्तर अपुरं आहे. तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

सुरुवात २०१६ च्या एप्रिलमधली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. त्यामुळं घागरी आधीपासून रांगेला आणि बायका सावलीला. एक दिवस बसल्या बसल्या मुलीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानावर बॉलपेननं ती रांग काढायला घेतली. चार-पाच घागरी झाल्या तेव्हा ध्यानात आलं, एकही दुसरीसारखी नाही. एकीच्या गळ्याला लाल चिंधी, एकीवर ऑइलपेंटनं आडनावाचं पहिलं अक्षर, एकीच्या बुडाला डांबराचं ठिगळ. कितीतरी दिवस मी त्याच रांगेत होते आणि यातलं काहीच पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या काकू वाकून म्हणाल्या, "काय काढायलीस गं? माझी घागर तिथं नाही, त्या काळ्या ड्रमच्या मागं हाय." मी ती खोडून मागं काढली. मग काकू शेजारीच टेकल्या, आणखी दोघी आल्या आणि टँकर येईपर्यंत कुणाची घागर कुठून आली, कुणाची किती वर्षांची, सगळं कळलं.

माझं उत्तर तिथंच आहे. फोटो दाखवला की माणूस "छान आलाय" म्हणतो आणि मोबाइल परत देतो. चित्र दाखवलं की तो चूक काढतो. मला ती चूक हवी असते, कारण चुकीपाठोपाठ माहिती येते.

सामानाबद्दलही विचारता, तर थोडक्यात. कागद २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुढचा घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगतो. शाई पाण्यात न विरघळणारी हवी, नाहीतर रंग दिला की रेघ पसरते. आमच्याकडं मे महिन्यात आभाळाचा रंग अर्ध्यावर जाईपर्यंत वाळतो आणि मधे कड उमटते. तेव्हा आधी कागद ओला करा, किंवा सकाळी उन्हं चढायच्या आत बसा. माझ्या पेटीतला गेरू आणि पिवळी माती सगळ्यांत आधी संपतात. अजिंठ्याच्या भिंतींवरही याच रंगांचा सुकाळ आहे. तिथल्या निळ्याचा दगड मात्र पार अफगाणिस्तानाकडून आलेला. माझी निळी वडी वर्षभर पुरते.

सगळंच मी काढत नाही. मयताच्या घरी वही पिशवीतून बाहेर येत नाही. लग्नात, गर्दीत फोटोच बरे. पण जिथं हातानं काही केलं जातं, बांधलं जातं, शिजतं, तिथं मी चित्रच काढते.

येळवसचं पान सांगते. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या भागात सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप, आत पाच पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, खीर आणि ताकातली ज्वारीची आंबील. एका वर्षी मी कोपीकडं निघालेली बाई काढली, कमरेवर आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, घेतलेली. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पान हातात घेतलं आणि म्हणाले, "आंबील कमरंवर नेत नसतेत. डोक्यावर, घोंगडीत गुंडाळून." मी दुसऱ्या पानावर पुन्हा काढली. सासूबाईंना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. नवी नवरी असताना त्या बिंदगं घेऊन ढेकळांतून चालल्या होत्या, आंबील हिंदकळून पाठीवर ओघळली होती आणि ओरडा बसेल म्हणून त्या तशाच पुढं गेल्या होत्या. लग्नाला माझ्या पंधरा वर्षं झाली होती. हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग म्हणाल्या, "चुंबळ कुठाय हिची? डोस्कं दुखंल की." पेन मागितला. सहीपुरताच पेन धरलेल्या हातानं त्यांनी बाईच्या डोक्यावर, बिंदग्याखाली, एक वाकडं कडं काढलं. बाकी चित्र मी रंगवलं. त्या कड्याला ब्रश लावला नाही.