दुसऱ्या अंकात गेलेला माईक

रविवारचा दुपारचा प्रयोग. दुसरा अंक सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि नायिकेचा कॉर्डलेस माईक गेला. खरखर नाही, तुटक आवाज नाही, रिसीव्हरवर सिग्नलच नाही. ती विंगेत येताच बॉडीपॅकमध्ये, म्हणजे कमरेला लावायच्या ट्रान्समीटरमध्ये, नवे अल्कलाइन सेल घातले आणि पुढचा अंक सुरळीत झाला. पण मध्यंतरात त्याच पॅकवर तीनपैकी दोन बार दिसत होते. ते का, हे शोधायलाच हवं होतं.

काढलेले दोन्ही सेल निकेल मेटल हायड्राइडचे, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे, डबल ए, २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचे. नुसता मल्टिमीटर लावला तर एक १.२४ व्होल्ट, दुसरा १.२१. एवढ्यावर दोन्ही चांगले वाटतात, कारण दमलेला सेल जरा विसावला की व्होल्टेज पुन्हा वर येतं. मग प्रत्येकाला ४.७ ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर जोडला, म्हणजे पाव अँपिअर भार. पहिला १.२० वर टिकला. दुसरा अर्ध्या मिनिटात ०.९ च्या खाली.

पॅकमध्ये सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक कच्चा निघाला की दुसऱ्यात कितीही शिल्लक असो, पॅक बंद. कच्चा रिकामा झाल्यावरही चांगला सेल त्याच्यातून करंट लोटत राहिला, तर कच्च्याचे प्लस-मायनस उलटतात आणि तो आणखी बिघडतो. शिवाय पॅकच्या मेनूत सेलचा प्रकार ‘अल्कलाइन’ होता. अल्कलाइनचं व्होल्टेज १.५ पासून हळूहळू उतरतं. आपला निकेलचा सेल बराच वेळ १.२ च्या आसपास राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून बार दोनवरच अडकले होते.

मूळ खोड चार्जरमध्ये सापडली. दोन सेलला मिळून एकच दिवा, म्हणजे जोडी एकत्रच चार्ज होणार. कमी क्षमतेचा सेल आधी भरतो, मग नुसता तापत राहतो. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून थांबणारा चार्जर घ्या, ५०० मिलिअँपिअरवर ठेवा. रिकामा सेल साडेचार-पाच तासांत भरतो. पंधरा मिनिटांत भरणारे चार्जर रंगमंचाच्या सेलना लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवसापासून प्रत्येक सेलवर मार्करने जोडीचा क्रमांक आणि खरेदीचा महिना असतो. जोड्या फोडायच्या नाहीत. तीन महिन्यांनी क्षमता मोजायची. १६०० एमएएचच्या खाली गेलेला सेल टॉर्चला. जास्त क्षमतेच्या २५००-२७०० वाल्यांपेक्षा पडून राहिल्यावर कमी उतरणारे २००० वालेच बरे. दौऱ्यावर पेटीत आठवडाभर राहिले तरी भरवसा राहतो.

प्रयोग संपला की सेल बाहेर. घामाने कळकटलेले कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच झाकण लावायचं.