तापोळ्याच्या धक्क्यावर

महाबळेश्वरच्या गर्दीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिथून घाट उतरून तापोळ्याला आलो आणि शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसला. आजूबाजूला ‘मिनी काश्मीर’च्या पाट्या. हे नाव मला अजिबात आवडत नाही. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांची नावं असताना उसनं कौतुक कशाला?

धक्क्यावर एक आजी बाजाराची पोती आणि औषधांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांना पलीकडं, कांदाटी खोऱ्यात जायचं होतं. समोरून पर्यटकांच्या बोटी निम्म्या रिकाम्या सुटत होत्या, आणि आजी लाँच भरायची वाट बघत होत्या. “आख्खी बोट करायला परवडत न्हाई बाळा. मानसं जमली की सुटंल.” ज्यांची गावं या पाण्यानं तोडली, त्यांनीच पाणी ओलांडायला ताटकळत बसायचं, हे बघून मला फार राग आला. आमच्या बोटीत जागा होती. नावाड्याला विचारणार, तर आम्ही बोलायच्या आधीच त्यानं त्यांची पोती उचलली होती.

वाटेत आजी बोटानं पाणी दाखवत होत्या: इथं भाताची खाचरं, तिथं माहेरची वाट. 1960च्या दशकात धरण झालं आणि अर्धी भावकी लांब जमिनी मिळाल्या तिकडं गेली. उरलेल्यांची पोरं मुंबईला, माथाडीत. उन्हाळ्यात पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करायची, पावसात ती पुन्हा पाण्याखाली. 105 टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) हे धरण. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला जातं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीला मिळतं. त्या विजेवर आपली शहरं उजळली, आणि इथं मात्र साध्या तापाच्या गोळ्यांसाठीसुद्धा पाणी ओलांडावं लागतं. तळ्याचे फोटो काढायला मग हात उचलला नाही.

पलीकडच्या काठावर पोती आम्हीच वर नेली. चढ चांगलाच दमवणारा. आजी मात्र अनवाणी पुढे. घरी गेल्यावर कोरा चहा झाला, मग नाचणीची भाकरी, लसणाची चटणी. पैसे काढले तर रागावल्या. असं आतिथ्य मला महाबळेश्वरच्या कुठल्याच हॉटेलात मिळालं नव्हतं.

बामणोलीहून वासोटा किल्ल्यावर जायचा बेत होता, तो राहिला. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलंच नाही, आणि आम्हालाही उठायची घाई नव्हती.