तुम्ही विचारलंत म्हणून: माकुलाचा डावा डोळा

खानापूरच्या आमच्या घरी सोप्यात एका लालभडक माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, फोटो लावलाय. येणारा पाहुणा चहाची बशी हातात धरून तेच विचारतो, "सर, ह्याचा एक डोळा सुजलाय की ओ?"

सुजलेला नाही. ते जन्मतं सारख्या डोळ्यांचं, पण वाढता वाढता डावा डोळा पुढे निघून जातो आणि उजव्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. हिस्टिओट्युथिस हेटेरॉप्सिस असं त्याचं नाव. इंग्रजीत स्ट्रॉबेरी स्क्विड. राहतं पूर्व पॅसिफिकच्या खोल पाण्यात. गोव्याहून आलेलं आपलं माकूल साफ करताना मी मुद्दाम डोळे सोडवून बघतो. आत काचेच्या मण्यासारखं टणक भिंग, दोन्हीकडे सारखंच. फोटोतल्या माकुलाच्या मोठ्या डोळ्याचं भिंग मात्र बरेचदा पिवळं असतं.

कॅलिफोर्नियाजवळ पाण्याखालच्या यंत्रांनी टिपलेल्या दीडशेहून जास्त चित्रफिती संशोधक केट थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. 2017 साली ते काम छापून आलं. हे माकूल डोकं खाली, शेपूट वर असं तिरकं तरंगतं. मोठा डोळा वर लागलेला, लहान खाली.

का, ते आमच्या इथल्या जांबोटीच्या रानात कळतं. वळवाच्या दिवसांत काजवे चमकतात, ते मला चष्म्याशिवायही दिसतात. पण दिवेलागणीला फांदीवरून उडालेलं वटवाघूळ टिपायला डोळे ताणावे लागतात. समुद्रातही तसंच. खालच्या काळोखात एखादा जीव चमकला की लहान डोळ्यालाही पुरतं. वरून मात्र जेमतेम निळसर उजेड झिरपतो, त्यावर भक्ष्याची सावली हेरायची तर मोठाच डोळा हवा. त्यात काही जीव भारी चलाख, पोटाखाली दिवे लावून आपली सावलीच पुसतात. तो दिव्यांचा उजेड आणि वरचा उजेड यांतला फरक ओळखायला पिवळं भिंग उपयोगी पडत असावं.

पाहुणे म्हणतात, देवाची करणी. मला ही काटकसर वाटते. डोळा पोसायला खर्च फार. जिथे फायदा, तिथेच मोठा.

मग हमखास दुसरा प्रश्न, "चवीला कसं हो?"

तरंगायला सोपं जावं म्हणून त्याच्या अंगात अमोनियाचं क्षार भरलेलं असतं. स्पर्म व्हेल जातीचे देवमासे हे माकूल आवडीनं खातात. आमच्या तव्यावर नको.